ठकूचे दोनशे बारा निरोप

सोमवार, ४
लागले बाई एकदाची कामाला! इमारत चकाचक, खुर्ची अशी की बसल्याबसल्या डुलकी लागावी. लहानपणी गोष्टींत वाचलेलं यंत्र इथे खरोखर चालतं. गेलेल्या माणसाने फोनवर पाठवलेले आवाजी निरोप त्याला द्यायचे, की तो आवाज आपल्याशी बोलायला लागतो. ऐकतो, उत्तरंही देतो. मी तपासनीस. आवाज कुठे खोटा वाटला की तिथे खूण करायची. आज एका आजोबांचा तपासला. खोकलासुद्धा हुबेहूब! शेजारच्या टेबलावरची बाई म्हणाली, आठवडाभरात सवय होते.

गुरुवार, ७
इथल्या माणसांना एक आवाज फुकट करून देतात. मी याच कामाला का आले, ते स्वतःपासून तरी कशाला लपवू? माझी ठकू तापाने गेली त्याला चौदा महिने झाले. नऊ वर्षांची होती. तिचे दोनशे बारा निरोप फोनमध्ये जपून ठेवलेत. साहेब म्हणाले, एवढे पुष्कळ झाले. नवऱ्याला सांगितलं तर तो भरल्या ताटावरून उठून गेला.

सोमवार, ११
बोलली! "आई" म्हणाली, अगदी तस्साच शेवटी हेल काढून. मी ढसाढसा रडले. तिने विचारलं, तू कधी येणार? येते हं बाळा, म्हटलं.

बुधवार, १३
दुसरं काही बोलतच नाही. गाणं म्हण म्हटलं, मैत्रिणींची नावं घेतली, तरी तेच. शाळेत कोणी उरलं नाही, शिपाईकाका दार लावतायत, तू कुठे आहेस? आणि आवाजात खोट म्हणाल तर एकही नाही.

गुरुवार, १४
सगळे निरोप पुन्हा ऐकले आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. जवळ असताना पोर निरोप कशाला पाठवेल? मी कामात अडकायचे तेव्हाच पाठवायची. दोनशे बाराही वेळा ती माझी वाट बघत होती. तिचं हसणं, भांडणं, झोपेतली बडबड कशातच नाही. वाट बघणारी तेवढीच ठकू परत आणली मी. मेलं माझं डोकं!

सोमवार, १८
दोन दिवस सुट्टी, यंत्र बंद. साहेब म्हणतात, बंद असताना त्याला काही कळत नाही. आल्याआल्या तिने विचारलं, दोन दिवस कुठे होतीस? इथे अंधार आहे, म्हणाली — हे एकाही निरोपात नाही. मी बघितलं. दोनदा —

मंगळवार, १९
यंत्रातला तिचा आवाज पुसायला माझी सही लागते. नवरा आला. ऐकलं त्याने. भिंतीला टेकून खालीच बसला. सोडव तिला, म्हणाला. सोडव म्हणजे —

बुधवार, २०
नाही केली तर ती तिथेच, दाराशी, कायमची — केली तर दुसऱ्यांदा —

केली सही. पाच मिनिटं लागतात म्हणे. तिला सांगितलं, निघाले बाळा, पोचतेच. रडायची थांबली. किती खूश झाली! बोलतेय, अक्षर न् अक्षर लिहून घेतेय — मी दप्तर भरलंय आई, पायरीवर बसते, तू कोपऱ्यावर दिसलीस ना, की मी धावत