जिना चढणारी बाई

८ जानेवारी २००१, सोमवार

आज क्लासला नाव घातलं. अ‍ॅनिमेशन. एक वर्षाचा डिप्लोमा.

सव्वीस वर्षं कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात बोर्डावर मशीनचे पार्ट काढले. गेल्या दिवाळीत बोर्ड भंगारात गेले आणि कॉम्प्युटर आले. शिकून घ्या नाहीतर व्हीआरएस घ्या, म्हणाले. मी व्हीआरएस घेतली. लोकांना वाटतं कॉम्प्युटर जमला नाही. खरं कारण वेगळं आहे. माझ्यातला कलावंत गुदमरत होता.

संकल्प: रोज दोन तास स्केचिंग. वर्षअखेर स्वतःची फिल्म. दाढी वाढवणे.

कौशल्याला सांगितलं की तुझा नवरा आता आर्टिस्ट होणार. ती म्हणाली, बरं, म्हणजे डबा पुन्हा सकाळीच लागणार. इतक्या वर्षांच्या संसारात बायकोला माझं अंतरंग कळलेलं नाही.

१० जानेवारी, बुधवार

क्लास सदाशिव पेठेत, पहिल्या मजल्यावर. खाली मेस आहे. आमटीच्या फोडणीचा वास थेट वर्गात येतो. रिसेप्शनवरच्या मुलीने मला पालकांच्या खुर्चीत बसवलं आणि मुलगा कुठंय विचारलं. विद्यार्थी मीच आहे म्हटल्यावर तिने पुन्हा फॉर्म बघितला.

शिक्षक आनंद. वय चोवीस. मी त्याला सर म्हणायचं, तो मला काका म्हणणार.

पहिला एक्झरसाइज, वर्तुळ. वर्गात माझंच सगळ्यांत अचूक आलं. कंपास वापरला होता. सर म्हणाले, फ्रीहँड काढायचं होतं. फ्रीहँड वर्तुळाचा उपयोग काय, असं विचारणार होतो, पण पहिल्याच दिवशी शिक्षकाला अडचणीत आणू नये.

१८ जानेवारी, गुरुवार

सफरचंद काढलं. सवयीने मधून सेंटर लाइन गेली आणि व्यासही लिहिला गेला. शेजारी भाग्यश्री नावाची मुलगी बसते, कॉलेज करून येते. तिने अगदी गंभीरपणे विचारलं, काका, हे कुठल्या कारखान्यात बनणार आहे. हल्लीच्या मुलींना वळण राहिलेलं नाही.

दोन तास स्केचिंग या आठवड्यात झालं नाही. सोमवारी बँक. मंगळवारी लाइट नव्हती. बुधवारी लाइट होती पण मूड नव्हता.

दाढी काढली. खालच्या मजल्यावरच्या दत्तोबांनी आजारी आहात का विचारलं.

१ फेब्रुवारी, गुरुवार

उसळणारा चेंडू. एकेका कागदावर एकेक चित्र, मग कागद भराभर उलटायचे. माझा चेंडू खाली पडला तो वर आलाच नाही. आनंद सर म्हणाले, वजन छान दाखवलंय, पण चेंडू रबराचा आहे, बिडाचा नाही. वजन छान दाखवलंय. हे नोंदवून ठेवतो.

७ फेब्रुवारी, बुधवार

एप्रिलमध्ये क्लासचा शो आहे. प्रत्येकाने छोटी फिल्म करायची. बाकीच्यांचे विषय: मांजर, रोबो, नाचणारा पिझ्झा. माझा विषय, भारतीय स्त्रीची शक्ती. एक स्त्री जिना चढते आहे. अंधारातून प्रकाशाकडे. नाव 'आरोहण'.

मॉडेल कौशल्या. आमचा फ्लॅट बिबवेवाडीत तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. म्हणजे सेटही घरचाच. तिला विचारलं. म्हणाली, मी रोज चढतेच, तुम्हाला बघायचं असेल तर बघा.

११ फेब्रुवारी, रविवार

प्रत्यक्ष निरीक्षण. मी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर स्टूल टाकून बसलो. कौशल्या मंडईतून आली होती, दोन्ही हातांत पिशव्या. प्रत्येक पोझला तिला थांबवलं. एक पाय वर, एक खाली. पेन्सिलला टोक करेपर्यंत तशीच थांब म्हटलं. पिशवी खाली ठेवायला निघाली, तेव्हा पोझ बिघडेल म्हणून नको म्हणालो.

"आता पुढचा पाय टाकू, की भाजी इथेच निवडू?" ती म्हणाली.

सहकार्याची वृत्ती कमी आहे. दत्तोबा दार उघडून दोनदा बघून गेले. त्यांना वाटलं, आमचं भांडण झालंय.

रेखाटनं मात्र भरपूर झाली. हात खूपच मोकळा झाला आहे.

२१ फेब्रुवारी, बुधवार

अडचण. कागद उलटून पाहिले तर बाईचा उजवा पाय वर जातो, डावा त्याच पायरीवर ओढला जातो, मग पुन्हा उजवा. मध्येच हात कठड्याला. पुस्तकात पायरीला एक पाय असा नियम आहे. मी समोर दिसलं तेच काढलं होतं, म्हणजे चूक मॉडेलची आहे. सगळं पुन्हा काढलं, पुस्तकाप्रमाणे. ताठ कणा, पायरीला एक पाय, हात कठड्यापासून लांब.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

सरांना सुधारित 'आरोहण' दाखवलं. म्हणाले, या बाई परेडला चालल्यात का. मग टेबलावर पडलेला जुना गठ्ठा त्यांनी सहज उलटला. पुन्हा उलटला. भाग्यश्रीला बोलावलं. रोबोवाल्या मुलालाही.

"काका," सर म्हणाले, "या बाईंचा गुडघा दुखतोय."

मी सांगितलं की तो रिजेक्टेड माल आहे. त्यांनी विचारलं, ही चाल कोणाची. माझ्या मिसेसची म्हटलं. ते म्हणाले, हेच ठेवा. मुलगा हुशार आहे, पण शक्ती हा विषय त्याच्या वयाला पेलणारा नाही. माझी रेषा मात्र त्याला आवडलेली दिसते.

२५ फेब्रुवारी, रविवार

कौशल्याला समजावून सांगितलं की तू जिना चुकीचा चढतेस. म्हणाली, असेल. तिला पुस्तकातली आकृती दाखवली आणि रोज थोडी प्रॅक्टिस करायला सांगितली. फिल्मसाठी. ती आकृतीकडे बघत राहिली, मग हो म्हणाली. हळूहळू तिलाही गोडी लागेल.

४ मार्च, रविवार

प्रॉडक्शनमध्ये खोळंबा. कौशल्या पायरीला एक पाय असं चढत दुसऱ्या मजल्यापर्यंत आली आणि खाली बसली. उठेना. दत्तोबांच्या मिसेसनी धरून वर आणलं. मी घरी बॅकग्राउंड रंगवत होतो, आवाज ऐकू आला नाही. गुडघा सुजला आहे. बर्फ लावला. बर्फ आणायला मलाच खाली जावं लागलं.

६ मार्च, मंगळवार

सदाशिव पेठेतच हाडांचे डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे नेलं. कधीपासून दुखतंय, त्यांनी विचारलं. मी रविवारपासून म्हणेपर्यंत कौशल्या म्हणाली, चार वर्षं झाली. मला हे माहीत नव्हतं. सांगितल्याशिवाय माणसाला कसं कळणार. डॉक्टरांनी विचारलं, कितव्या मजल्यावर राहता, बाजारहाट कोण करतं, सिलिंडर कोण ओढतं. मी त्यांना फिल्मची पार्श्वभूमी सांगितली. त्यांनी चष्मा काढून पुसला.

एक्स-रे लावून दाखवला. गुडघ्यातली गादी झिजलीय म्हणाले. एक्स-रेमधला छायाप्रकाश अप्रतिम होता. जिना बंद, निदान दीड महिना.

१९ मार्च, सोमवार

दूध, भाजी, दळण, रॉकेल, केराची बादली. सगळं माझ्याकडे. दिवसातून पाच-सहा खेपा. कलेला वेळच उरत नाही. याला निरीक्षणाचाच भाग मानायचं ठरवलं आहे. धाप लागल्यावर निरीक्षण नीट होत नाही.

संध्याकाळी पीठ घेऊन वर आलो तर कौशल्या दिवाणावर बसून जुना गठ्ठा उलटत होती. कागदावरची बाई चढत होती, थांबत होती, कठडा धरत होती. कौशल्या संपवायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

"अहो, मी अशी दिसते?" तिने विचारलं.

मी घाईने म्हणालो, छे, छे, ते चुकलेलं आहे. आणि सुधारित गठ्ठा तिच्या हातात दिला. तिने तो एकदाच उलटला.

"ही कोण?"

तिला चित्रकलेतलं काही कळत नाही हे मान्य करूनही जरा लागलं.

१८ एप्रिल, बुधवार

चित्रं स्कॅन करून कॉम्प्युटरवर जोडायची असतात. ते काम भाग्यश्री करून देणार आहे. मला येत नाही असं नाही, तंत्रात अडकलं की कलावंत संपतो. मी दळणाला गेलो असताना ती घरी येऊन गठ्ठा घेऊन गेली. कौशल्याने दिला. परत आलो तेव्हा दोन कपबशा विसळून ठेवलेल्या होत्या. कौशल्या खुशीत दिसली. काय बोललात विचारलं तर म्हणाली, काही नाही, गुडघ्याचं.

२२ एप्रिल, रविवार

आज शो झाला. टिळक रोडजवळच्या छोट्या हॉलमध्ये, तळमजल्यावर. कौशल्यानेही यायचं ठरवलं होतं, डॉक्टरांनी आता सावकाश उतरायची परवानगी दिली आहे. मी पुढची जागा धरायला आधी निघालो. ती मागून रिक्षाने येणार होती.

मांजर झालं, पिझ्झा झाला, मग 'आरोहण'. पहिल्याच पायरीला घोटाळा लक्षात आला. जुना गठ्ठा लागला होता. दोन्ही पाय एका पायरीवर, हात कठड्याला, मध्ये थांबणं. हॉलमध्ये खुर्चीसुद्धा वाजत नव्हती. संपल्यावर टाळ्या सुरू झाल्या, त्या थांबेनात. पुढच्या रांगेतल्या एक बाई डोळे पुसत होत्या.

चुकीच्या कामाचं श्रेय घेणं तत्त्वात बसत नाही. मी उभा राहून खुलासा केला. म्हटलं, ही चाल सदोष आहे, माझ्या मिसेसना जिना नीट चढता येत नाही, त्यामुळे हा दोष चित्रात उतरला, निर्दोष आवृत्ती घरी आहे. टाळ्या बंद झाल्या. आनंद सर हळू आवाजात म्हणाले, काका, बसा.

मागे वळून पाहिलं. कौशल्या शेवटच्या रांगेत होती. ती उठली आणि खुर्च्यांच्या पाठी धरत धरत बाहेर गेली. हॉलमध्ये पंखे कमी होते, तिला उकडलं असावं.

२३ एप्रिल, सोमवार

कौशल्या बार्शीला भावाकडे गेली. हवापालटासाठी. तिथे घर बैठं आहे. मी स्वारगेटपर्यंत सोडायला गेलो, बॅग घेतली. बसच्या दाराशी मी हात पुढे केला, तिने कंडक्टरचा धरला. परत कधी, असं विचारलं. म्हणाली, तळमजला बघा, मग बघू.

घर शांत आहे. कामासाठी आदर्श परिस्थिती.

३० एप्रिल, सोमवार

काम झालं नाही. शांतता जास्त आहे.

भाग्यश्रीला एका कंपनीने बोलावलं, कॉम्प्युटर गेमची. तिने त्यांना 'आरोहण' दाखवलं म्हणे. माझ्याबद्दल विचारलं का, असं मी विचारलं. म्हणाली, हो काका, त्या बाई आता कशा आहेत, असं विचारलं.

१२ मे, शनिवार

क्लासला महिन्याची सुट्टी टाकली. सरांनी कारण विचारलं नाही.

तळमजले बघतो आहे. पेठांमध्ये तळमजल्यावर दवाखाने, झेरॉक्स किंवा क्लास. बिबवेवाडीत पार्किंग. दत्तोबांनी सुचवलं, वाघोलीकडे बघा, शेतकऱ्यांनी शेतात बैठ्या खोल्या बांधल्यात. तेवढ्या लांब कलावंताने जावं का, हा प्रश्नच आहे. बार्शीला फोन केला. भावाने उचलला. ती फिरायला गेलीय म्हणाला. रोज संध्याकाळी देवळापर्यंत जाते, एकटी.

२७ मे, रविवार

वाघोलीत घर मिळालं. मालक बजरंग, तिथलेच. अर्ध्या शेतात अजून ज्वारी होते, अर्ध्यात खोल्या. माणूस मोजकं बोलतो. पाणी कसं आहे विचारलं तर म्हणाले, हाय. उन्हाचा त्रास विचारला तर म्हणाले, हाय. पुन्हा जाऊन आतून नीट बघून आलो. दोन खोल्या, मोरी, मागे शेवग्याचं झाड. वर मजलाच नाही.

मग समोरच्या बांधावर बसून घराचं चित्र काढलं. कंपास नाही, पट्टी नाही. तीन महिन्यांत पहिल्यांदा सलग दोन तास बसलो. चित्र कौशल्याला पोस्टाने पाठवलं. मागे लिहिलं, तळमजला. एकही जिना नाही.

आता ती येईल. मग नवीन फिल्म. विषय सपाट जमीन.

९ जून, शनिवार

कौशल्याचा फोन आला. तिने स्वतः केला. चित्र मिळालं म्हणाली. फार छान आलंय, घर डोळ्यांसमोर उभं राहतं. इतकं स्पष्ट कौतुक तिने यापूर्वी केलेलं नाही. मग म्हणाली, "पण दारापुढच्या त्या तीन पायऱ्या कोणी चढायच्या?"

मी सांगितलं की पायऱ्या नाहीत, मी घर बघितलंय. ती म्हणाली, चित्रात आहेत. मी समजावलं की चित्रकार रचनेसाठी काही गोष्टी स्वतःच्या मनाने घालतो. त्यावर ती म्हणाली, बघून या. फोन ठेवला.

दोन बस बदलून वाघोलीला गेलो. दारापुढे तीन पायऱ्या आहेत. उंच. धरायला काही नाही.

बजरंग बोअरपाशी पाइप जोडत होते. या पायऱ्या नंतर बांधल्या का, असं मी त्यांना विचारलं. त्यांनी पाइप खाली ठेवला आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

"पयल्यापासनं हायेत की. तुमीच दोनदा चढून आत आलता."

उतार करून घ्यायला गवंडी मिळेल का विचारलं. बघू म्हणाले आणि पुन्हा कामाला लागले. मी थोडा वेळ दारात उभा राहिलो. मग खाली उतरलो आणि एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत वर चढून पाहिलं.

वेळ लागतो.