पहिल्या गोलचा मासा

टॅमरॅक,
फेब्रुवारीतला एक मंगळवार

प्रिय लेम्पीताई,

धाकट्या भावाचा नमस्कार घे. गुडघे कसे आहेत? ॲरिझोनात ऊन भरपूर असतं म्हणतात, तेव्हा ते आता दुखायचं विसरले असावेत. माझी प्रकृती ठणठणीत आहे (डॉक्टरचं मत वेगळं आहे, पण तो दक्षिणेकडून आलेला, त्याला आमचं ठणठणीत असणं कळत नाही). छपरावरचा बर्फ उतरवला, लगेच नवीन पडला. तुझं मांजर मजेत आहे आणि मला अजूनही घरगडी समजतं. पाद्रीबाईंनी तुला नमस्कार सांगितलाय. रुडी मात्तिलानेही काहीतरी सांगितलंय, पण ते माझ्याबद्दल आहे आणि लिहिण्यासारखं नाही.

तुझं पत्र पोचलं. त्यात तीन पानं निवडुंगांवर लिहून शेवटी एका ओळीत विचारलंस की कॅलेब हॉकी सोडतोय ते खरं का. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून त्या एका ओळीचं उत्तर इथे सविस्तर देतो. खरं आहे. पुढच्या शनिवारी हंगामातला शेवटचा सामना आहे, आपल्याच बर्फाच्या मैदानावर. तो झाला की तुझा नातू गोलकीपरचे पॅड उतरवून ठेवणार आणि कॉलेजचं एक वर्ष शिल्लक असूनही पुन्हा बांधणार नाही. तसं त्याने प्रशिक्षकाला सांगून टाकलंय. हे कसं झालं ते सांगायचं तर माशापासून सुरुवात करावी लागेल. (वायनो कुठूनही निघाला तरी माशावरच पोचतो, हे तुझं म्हणणं मी ऐकून सोडून देतो.)

आपल्या संघाचा घरच्या मैदानावर पहिला गोल झाला की बर्फावर मोठ्या तळ्यातला पांढरा मासा फेकायचा, आणि तो आपल्याच घराने फेकायचा, हे तुला मी सांगायला नको. आर्नेभाऊजींनी आयुष्यभर फेकला. त्यांच्यामागे तू फेकलास, आणि तुझा हात भाऊजींपेक्षा लांब जायचा हे ते स्वतः कबूल करत. तू गेल्यावर मान माझ्याकडे आला. मला वाटलं, यात काय अवघड आहे. शनिवारी सकाळी मासा फ्रीजरमधून काढायचा, वर्तमानपत्रात गुंडाळून कोटाच्या आतल्या खिशात ठेवायचा, गोल झाला की उठून भिरकवायचा. पण ताई, या सगळ्यात गोल आपल्याकडून व्हावा लागतो याचा मी विचारच केला नव्हता. पूर्वी आपण हरायचो तेव्हाही एखादा गोल करून हरायचो. यंदा नाताळानंतर घरच्या मैदानावर एकही नाही.

त्यामुळे मासा तोच. शनिवारी तो माझ्याबरोबर सामन्याला येतो, तीन डाव माझ्या छातीशी ऊब घेतो, आणि संध्याकाळी परत फ्रीजरमध्ये जातो. दर वेळी नवा मासा का आणत नाही, असं पाद्रीबाईंनी विचारलं. आता भाऊजींचा नियम त्यांना कोण समजावणार? एकदा मैदानात आणलेला मासा फेकल्याशिवाय बदलायचा नाही, बदलला तर त्या संघाचं काही खरं नाही. (संघाचं तसंही काही खरं नव्हतं. पण नियम तो नियम.) तिसऱ्या खेपेला त्याची शेपटी तुटली. चौथ्या खेपेला आमच्या पुढच्या रांगेतलं कुटुंब मुलं घेऊन पलीकडे जाऊन बसलं. रुडी मात्र माझ्या शेजारीच बसतो, कारण त्याच्या नाकाचं ऑपरेशन झाल्यापासून त्याला वास येत नाही. मैत्री टिकायला असंही काही कामी येतं.

मध्ये एक सामना असा झाला की मला तो पत्रात लिहायचा नव्हता, पण लिहितो. कॅलेबने सात गोल खाल्ले. त्याची चूक नव्हती. आपले बचाववाले पोरगे दाराशी उभ्या असलेल्या पाहुण्यांसारखे बाजूला होऊन वाट देत होते. आठव्यांदा खेळाची ती रबरी चकती अगदी सावकाश घसरत आली, ती कॅलेबने अडवली, आणि आपल्याच कॉलेजच्या पोरांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. थट्टेच्या टाळ्या, ताई. स्वतःच्या गोलकीपरला. माझं डोकं फिरलं. मी उठलो आणि मागे वळून ओरडलो की लाज वाटत नाही का रे, तो तुमच्याच वर्गात बसतो ना. त्यातला एक म्हणाला, "आजोबा, तुमच्या कोटातून पाणी गळतंय." मग सगळेच हसले. मी रागाने उठलो होतो तसाच रागाने खाली बसलो, आणि तो मासा नेमका खिशातून सरकून बाकावर आला होता. माझी चांगली पँट गेली. मासा टिकला.

घरी आल्यावर मी बराच वेळ विचार करत बसलो. जिंकणाऱ्या संघाचे लोक जिंकलेलं बघायला जातात, ते समजतं. आपण कशाला जातो? खाण बंद झाली, तरुण मुलं डुलुथला नाहीतर त्याच्याही पलीकडे गेली, शनिवारी दुपारी गावात उजेड असतो तो त्या मैदानातच. मला वाटतं आपण एकमेकांची हजेरी घ्यायला जातो. कोण आलं, कोण नाही आलं, कोणाच्या जागेवर नुसतीच घडी केलेली चादर आहे. खाली बर्फावर सहा पोरं आपल्यासाठी पडतात आणि उठतात, तेवढ्यात आपली चौकशी होऊन जाते. पण त्या सहातला एक गोलजवळ एकटा उभा असतो, आणि त्याची चौकशी कुणी करत नाही. हे मला सात गोल खाल्ल्यावर सुचलं. आधी सुचायला हवं होतं.

आता तू रागावशील, तरी लिहितो. 'चाळणी' हा शब्द या गावात कुणी आणला? समोरच्या संघाच्या गोलकीपरने गोल खाल्ला की त्याच्याकडे बोट रोखून "चाळणी, चाळणी" असं ओरडायला पोरांना कुणी शिकवलं? भाऊजी बिचारे शेजारी मान खाली घालून कॉफी प्यायचे. आणि मग कॅलेब कॉलेजात आला, गोलमध्ये उभा राहिला, आणि पहिल्याच सामन्यात पाहुण्या संघाची बस भरून आलेली पोरं त्याच्याकडे बोट रोखून तेच ओरडली. तू दुसऱ्या डावात कॉफी आणायला म्हणून उठलीस ती परत आलीच नाहीस. वसंतात गुडघे दुखायला लागले आणि तू ॲरिझोना गाठलंस. ताई, मी तुझा भाऊ आहे. त्याच वसंतात मी तुला रुडीच्या मुलीच्या लग्नात पोल्का नाचताना पाहिलंय.

असो. गेल्या शनिवारचं सांगतो. तळ्यापलीकडचा तो मातब्बर संघ आला होता, ज्याला आपण कित्येक वर्षांत हरवलेलं नाही. आणि त्या दिवशी कॅलेबला काय झालं होतं देव जाणे. पायाने अडव, छातीने अडव, पालथं पडून अडव. पहिला डाव गेला, दुसरा गेला, गोल नाही. पाहुण्यांची पोरं घसा साफ करून तयार बसली होती, त्यांना ओरडायला काही मिळेना. थट्टेच्या टाळ्या वाजवणारे आपले दिवटे आता खऱ्या टाळ्या वाजवत होते. रुडी माझा दंड इतका घट्ट धरून बसला होता की तिथे अजून निळं आहे. तिसरा डाव संपत आला, आणि समोरच्या गोलपाशी गर्दी झाली, काठ्या, पाय, पाठी, आणि मागचा लाल दिवा लागला. गोल. आपला.

मी काय केलं असेल ते तू ओळखलंसच. उठलो आणि फेकला. काय गेला म्हणून सांगू, थेट मधल्या वर्तुळात. सगळं मैदान नाचत होतं. आणि पंच नाचत नव्हते. ते कोपऱ्यात जाऊन कानाला फोन लावून उभे राहिले, चित्रफीत पुन्हा पुन्हा बघितली, आणि येऊन दोन्ही हात आडवे हलवले. आपल्या पोराने चकती काठीने नाही, स्केटने ढकलली होती. गोल रद्द. म्हणजे बर्फावर आता गोल नव्हता, नुसताच मासा होता. गोल झाल्यावर फेकलेल्या माशाकडे पंच इतकी वर्षं डोळेझाक करत आले. पण गोल न होता मासा फेकणं म्हणजे खेळ खोळंबवणं, आणि त्याची शिक्षा ज्याच्या मैदानावर मासा पडला त्या संघाला. आपला एक गडी दोन मिनिटं बाहेर. त्या दोन मिनिटांत त्यांनी गोल केला. आपण एक शून्यने हरलो. कॅलेबने खाल्लेला तो एकमेव गोल तुझ्या भावाने फेकला असं म्हणायला हरकत नाही, आणि गावात कुणी हरकत घेतही नाही. दुकानात मला आता न मागता मासा दाखवतात.

संध्याकाळी नेहमीप्रमाणे कॅलेब माझ्या सौनात वाफ घ्यायला आला. तो येणार नाही असं वाटलं होतं. मी, रुडी आणि तो, तिघं वरच्या फळीवर घाम गाळत बसलो. शेवटी रुडी म्हणाला, "पोरा, आज तू भिंत होतास, भिंत."

"हो," कॅलेब म्हणाला, "मासे आपटायला बरी."

मग तो हसला आणि मीही हसलो, आणि मला वाटलं की भागलं. तेव्हा त्याने सांगितलं की शेवटच्या सामन्यानंतर तो थांबतोय. मी म्हटलं, "अरे, सात खाल्लेस तेव्हा सोडलं नाहीस, आणि आज इतकं झकास खेळून सोडतोस?" त्याने दगडांवर पाणी ओतलं आणि वाफ बसू दिली. मग म्हणाला, "म्हणूनच तर, आजोबा. वाईट खेळलो की कुणाला सांगायचं नसतं, ते सोपं असतं. आज खोलीवर गेलो, फोन हातात घेतला, आणि सांगायला माणूस नाही. आजीला लावला तर ती मला हवामान विचारते. मी ते ॲरिझोनाला फोन करून कशाला सांगू? तिला माझी लाज वाटते, ते मला कळतं."

रुडी उठून बाहेर बर्फात जाऊन उभा राहिला. मी कॅलेबला म्हटलं की तसं काही नाही, तुझ्या आजीचे गुडघे दुखतात. ताई, त्याने माझ्याकडे असं पाहिलं की पुन्हा हे वाक्य उच्चारायची माझी हिंमत नाही.

तर तुझ्या ओळीचं उत्तर हे असं. तुझ्या तब्येतीला जप, उन्हात टोपी घाल, आणि निवडुंगांना माझा नमस्कार सांग, लांबूनच.

तुझा भाऊ,
वायनो

ता. क. पाद्रीबाई विचारतात, तुझ्या पुल्ला पावात वेलची किती असते? त्यांनी केलेला मी खाल्ला. लवकर कळव.

ता. क. दुसरा. वेलची स्वतःच येऊन सांगितलीस तर बरं. शनिवारचा सामना दुपारी आहे. विमानतळावर रुडी घ्यायला येईल, मी येणार नाही, कारण माझ्या गाडीला अजून वास येतो. जागा अगदी खालच्या रांगेत घेतली आहे, एकही पायरी चढावी लागत नाही. गुडघ्यांना विचारायची गरज नाही.

ता. क. तिसरा. तुला ते बघवणार नाही म्हणून तू येत नाहीस, हे मला ठाऊक आहे. पण काल कॅलेब मांजराला खाऊ घेऊन आला होता आणि सहज बोलता बोलता म्हणाला की तू आयुष्यात आपल्या गोलकीपरला गोल अडवताना कधी पाहिलंच नाहीस. समोरचा संघ चाल करून आला की तू उभी राहून बर्फाकडे पाठ करायचीस, आणि तो तुझ्या कडेवरून, तुझ्या खांद्यावर हनुवटी टेकून बघायचा आणि कानात सांगायचा, "अडवला, आजी." मग तू वळायचीस. म्हणाला, "गोल झाला असला तरी मी अडवला म्हणायचो, आणि भोंगा वाजेपर्यंत आजी खूश असायची. गोलकीपर व्हायचं मला तिथेच सुचलं." हे सांगताना तो मांजराकडे बघत होता, माझ्याकडे नाही. तेव्हा ताई, बघू नकोस, तशीच पाठ करून उभी राहा. सगळं मैदान बर्फाकडे तोंड करून असेल, आणि गोलमधून त्याला एकच बाई पाठमोरी दिसेल. तू आलीस हे त्याला मी सांगायला नको.