कपिलीचं कालवडीत न उतरलेलं

आई, तुला भारतीचा जयभीम.

मी इथे हिसारला, गुरांच्या संशोधन केंद्रात, बरी आहे. थंडी आहे, पण तुझी गोधडी पुरते. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून लिहितेय.

दिवाळीत कपिलीचं आणि तिच्या कालवडीचं रक्त मी लॅबमध्ये आणलं होतं. आपली गावरान गाय कपिली अंगभर गोचीड असूनही गोचीड तापाने कधी बसली नाही. ती ताकद जनुकांत असते आणि आईचा अर्धाच वाटा वासराला मिळतो. कालवडीला नेमका दुसरा, ती ताकद नसलेला अर्धा आलाय. बापाकडे तसलं काही नव्हतंच. परदेशी वळूचं बीज भरायचा हट्ट माझा होता. "गावरानच बरं हाय," तू म्हणत होतीस.

आता इथे बसून मी काय करू? रोज सकाळी तू गोचीड वेचतेसच. कानात, कासेजवळ नीट बघ. अंग तापलं तर त्याच दिवशी जामखेडहून डॉक्टर बोलाव. हे तुला माझ्याआधीपासून ठाऊक आहे.

गुडघा कसा आहे? वेचायला बसताना दुखतो का?

इथे कालवडीच्या रक्ताच्या बाटलीवर सतरा नंबर आहे. तू तिचं नाव ठेवलं असशील, तर मला इतक्यात सांगू नकोस; उद्या तिला काही झालं, तर नुसता नंबर सोसणं सोपं जाईल.

तुझीच,
भारती