सकाळी पाहू

१२ एप्रिल १९७६, नागपूर

आलो एकदाचा. पुण्याच्या मित्रांनी माझी यथेच्छ टिंगल केली. म्हणाले, हिमालयात धावणाऱ्या पोरींची तब्येत सांभाळणार आणि राहणार कुठे, तर भट्टीत. हसा म्हणावं. दार्जिलिंगला राहून उंचीवरच्या आजारांचं शिक्षण घेतलेला डॉक्टर या क्रीडा मंडळाला माझ्याशिवाय कोण मिळणार होता?

स्टेशनवर मंडळाचे सेक्रेटरी महादेवराव स्वतः आले होते. दिलदार माणूस. घरी नेऊन सावजी मटण जेवू घातलं आणि माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहू लागलं तेव्हा पोट धरून हसले. मग बुटीबोरीच्या वाटेवर मंडळानं भाड्यानं घेतलेल्या जागी आणून सोडलं. एक कोल्ड स्टोरेज आहे. संत्र्यांचा हंगाम सरला, आता बटाटे भरलेत. शेजारच्या बैठ्या इमारतीत पोरी राहतात. माझी खोली कोल्ड स्टोरेजच्या डोक्यावर, बाहेरून लोखंडी जिना.

खोलीत खाट, टेबल, स्टोव्ह आणि कोपऱ्यात जाड लोकरी ब्लँकेटांची चळत. आधीच्या डॉक्टरांची, म्हणे. ते गेल्या मे महिन्यात लू लागून गेले. बिचारे टोपी घालत नसावेत. नागपूरच्या उन्हाळ्यात ब्लँकेटं कशाला जमवली होती कोण जाणे. मी त्यांच्यावर माझी ट्रंक ठेवून दिली.

१५ एप्रिल

पोरींना पहिला धडा दिला. वर गेल्यावर थंडीपेक्षा विरळ हवा वाईट. डोकं दुखू लागलं तर आहे तिथे थांबायचं. खोकला आणि दम वाढला तर त्याच क्षणी खाली उतरायचं, मग अंधार असो की पाऊस. पांघरूण, शेक, ब्रँडी यांतलं काहीही उतरण्याऐवजी चालत नाही. सगळ्यांकडून पुन्हा पुन्हा म्हणून घेतलं.

महादेवरावांचं शास्त्र वेगळं आहे. पहाड म्हणजे थंडी, आणि थंडीची सवय कोल्ड स्टोरेजमध्ये होते. म्हणून भर दुपारी पोरी बटाट्यांच्या पोत्यांमध्ये जागच्या जागी धावतात. मी विरोध केला. ते हसले. मी विषय सोडला, आल्या आल्या भांडण कशाला.

शामला सगळ्यांत चपळ. काटोलकडच्या शेतकऱ्याची पोर. जूनमधल्या हिमालयातल्या दौडीत नंबर आला तर रेल्वेत नोकरी लागेल म्हणून जीव तोडून धावते. खोकते मात्र फार.

माल निवडणाऱ्या बायांमध्ये सिंधूताई म्हणून एक आहेत. मी जिना चढू लागलो की हातातला बटाटा तसाच धरून माझ्याकडे बघत राहतात. बघू देत. बरा दिसतो मी.

२३ एप्रिल

नवं पेन वाया गेलं. खाली झकास चालतं, वर आणलं की शाई ओकतं. हे पान बघा, होळी खेळल्यासारखं झालंय.

दुसरी गंमत. स्टोव्हवर बटाटे उकडत ठेवले. पाणी केव्हाच खळखळू लागलं, पण बटाटे संध्याकाळपर्यंत कच्चेच. दार्जिलिंगच्या वर तंबूत असं व्हायचं, उंचीवर पाणी कमी तापमानालाच उकळतं ना. इथे रॉकेलमध्ये भेसळ असणार.

३० एप्रिल

आज सिंधूताईंनी मला जिन्यापाशी अडवलं.

गोपिका त्यांची मुलगी. दोन वर्षांपूर्वी हीच दौड धावायला गेली होती. वर पोचल्यावर डोकं धरून बसली, मग खोकला, मग तोंडाला गुलाबी फेस. मला खाली न्या म्हणून तिनं महादेवरावांचे आणि त्या डॉक्टरांचे पाय धरले. तिला उतरवायला हमाल दिले असते तर शर्यतीचं सामान अडलं असतं. म्हणून तिच्यावर ब्लँकेटं घातली आणि सांगितलं की झोप, सकाळी पाहू. सकाळी पाहायला काही उरलं नव्हतं. बरोबरच्या पोरींनी घरी येऊन सगळं सांगितलं. माझ्या खोलीतली ब्लँकेटं तीच.

मी विचारलं, मग तुम्ही इथेच काम कशाला करता? त्या म्हणाल्या, "मी पाहून राहिली ना, डॉक्टर. मी काही करून नाही राहिली, माही पोरगी करून राहिली. त्या डॉक्टरले तिनंच वर ठेवलं. महादेवरावलेही तीच ठेवीन." मग आवाज उतरला. "शामलाले पाठवू नका. तिची छाती चांगली नाही. तुमाले तर समजते."

समजतं. गुलाबी फेस म्हणजे फुप्फुसात पाणी, आणि पोर उतरली असती तर जगली असती. भुताखेताचं सोडा, पण महादेवरावांचा असा संताप आला की जेवण गेलं नाही. शामला जाणार नाही, असा मी सिंधूताईंना शब्द दिला.

५ मे

दुपारी कोल्ड स्टोरेजचं दार आतून वाजलं. शामला ओरडत होती, "डॉक्टर, मले बाहेर काढा, छातीत दाटून राहिलं." महादेवरावांनी दाराला पाठ लावली आणि तिथूनच विचारलं, "काहून वं, नाटकं करून राहिली?" मी बोलणार होतो. तेवढ्यात ते माझ्याकडे वळून म्हणाले की परदेशी जाणाऱ्या खेळाडूंच्या पथकाला डॉक्टर हवा आहे आणि त्यांनी माझं नाव सुचवलंय.

दार उघडलं तेव्हा तिचे ओठ जांभळे होते.

संध्याकाळी मंडळाच्या बैठकीत विचारलं, शामलाला न्यायला हरकत नाही ना. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, चालेल.

नंतर ती जिन्याखाली आली. रडत नव्हती, फक्त धाप लागली होती. म्हणाली, मला घरी पाठवा. माझ्या डोक्यात ते परदेशी पथकच घोळत होतं. पांघरूण घेऊन झोप, सकाळी पाहू, म्हणालो आणि वर आलो.

हे शब्द कुणाचे ते आत्ता लिहिताना लक्षात आलं.

९ मे

डोकं ठणकतंय. जिना चढताना मध्येच बसावं लागतं. खाली उतरलो की ठीक. बाहेर कावळे चोच वासून बसलेत, डांबर चपलेला चिकटतंय, आणि खोलीत माझ्या तोंडातून वाफ निघते.

ट्रंक जमिनीवर आहे. मी ठेवली नाही. एक ब्लँकेट खाटेवर अंथरलेलं.

१२ मे

महादेवराव गेले.

भर दुपारी माझ्याकडे तणतणत आले. सिंधूताईंनी शामलाला परस्पर उचलून शहरात महाल भागातल्या दवाखान्यात नेलं, पोर यंदा धावणार नाही. माझ्यावर ओरडता ओरडता खोकू लागले. उतरतो म्हणाले, जिन्याकडे वळले. पायऱ्या वाजत राहिल्या — खाली, खाली — इतक्या पायऱ्या नाहीत या जिन्याला.

अर्ध्यावर सापडले. तोंडाला गुलाबी फेस. लोक म्हणाले, लू लागली. खरं सांगतो, बरं वाटलं मला. आणि लगेच भीती वाटली, कारण आता उरलो मीच.

सिंधूताई बटाटे निवडत होत्या. वर पाहिलंसुद्धा नाही.

१३ मे

उतरायचं. नियम माझाच आहे. पहाटेच पळालो, पार रस्त्यावर, बसही आली होती. मग आठवलं, ट्रंक. माझी सगळी सर्टिफिकेटं तीत. एवढीच घेऊन येतो म्हणून परत —

दार उघडंय. जिना उतरतोय. जमीन येत नाही. खाली धुकं. वळलो तर पुन्हा माझंच दार.

शाई गोठली. पेन्सिल.

१४? 

खाली बाया बोलताहेत. एक म्हणते, केवढं ऊन तापून राहिलं. मी ओरडतो. आवाज फुटत नाही — खोकलाच.

बोटं काळी. हातरुमालावर गुलाबी.

सिंधूताई, शामला वाचली ना. मग मला —

—

दुसरं ब्लँकेट घातलं. तिसरं. हात तरुण आहेत, नखं निळी. राग नाही त्या हातांत. कडा नीट खोचते, माझी आई खोचायची तशी. छातीवर ओझं —

मी म्हणालो, गोपिका, मला खाली ने. पाय धरले.

म्हणते, झोपा डॉक्टर. सकाळी पा