गाडीचं नाव परत आलंय, बाबा

रविवार, ९ नोव्हेंबर

बाबा, तुम्ही गेल्यापासून तुम्हाला चार ओळीही लिहिल्या नाहीत, माफ करा. काल तुमच्या जुन्या नंबरवर मुलुंडच्या शोरूममधून फोन आला. तो नंबर मी अजून चालू ठेवलाय. "मॅडम, सर आहेत का? त्यांच्याकडे होती ना, त्याच नावाने नवीन गाडी येतेय. डिझाइन एकदम वेगळं, नाव तेच! जुन्या ओनर्सना आधी दाखवतोय." मी म्हणाले, "ते झोपलेत." "मग सोमवारी करू?" मी हो म्हणाले. मग फोटो आला. छत मागे उतरत गेलेलं, दिव्यांच्या जागी बारीक फटी, आत टीव्हीएवढा पडदा. डिकीवर मात्र तीच तिरकी अक्षरं, जी तुम्ही दर रविवारी जुन्या टूथब्रशने घासायचात.

तुमची उजवी बाजू गेली तेव्हा ती गाडी मी विकली, तुम्हाला न विचारता. उभी राहून गंजेल, हे कारण खरंच होतं. पण विचारलं असतं तर तुम्ही 'वीक' एवढंच म्हणाला असतात, आणि ते मला ऐकायचं नव्हतं. दर रविवारी तुम्ही खाटेवरून विचारायचात, "गाडी चालू केलंस गो? बॅटरी उतरात." मी मुद्दाम ठेवून घेतलेली दुसरी किल्ली घेऊन खाली जायचे, आपल्या रिकाम्या पार्किंगशी दहा मिनिटं उभी राहायचे आणि वर येऊन सांगायचे, एका झटक्यात चालू झाली. वॉचमन हसायचा, "ताई, गाडी गेली, आता किल्लीलाच फिरवून आणता काय?" दसऱ्याला तुम्ही गाडीसाठी झेंडूचा हार माझ्या हातात दिलात. टाकवेना. खालच्या पंपाच्या खोलीच्या कडीला अडकवला.

दोन दिवसांनी मी तुम्हाला भात भरवत होते. त्या दुपारी मी ऑफिसात असताना पंपवाला पाण्याची तक्रार बघायला वर येऊन गेला होता. घास गिळून तुम्ही म्हणालात, "तो हार काढ गो. पंपवाल्याक कडी उघडूक जमना नाय." मी मान वर केली नाही. खाली जाऊन हार काढला. वाटलं, आता ओरडाल, निदान किल्ली तरी मागाल. पुढच्या रविवारी तुम्ही विचारलंत, "गाडी चालू केलंस गो?" आणि मी किल्ली घेऊन खाली गेले. तुमच्या शेवटच्या रविवारपर्यंत.

तुम्ही मला सांभाळून घेत होतात की दर आठवड्याला शिक्षा करत होतात, मला अजून ठरवता येत नाही. काल 'झोपलेत' म्हणताना जीभ जराही अडखळली नाही, याची लाज वाटते. आणि हेही लिहून टाकते: आज सकाळी किल्ली घेऊन खाली जाऊन आले. तिथे आता दुसऱ्याची गाडी असते.

उद्या: शोरूमचा फोन यायच्या आत आपणच करणे. बाबा नाहीत, हे सांगणे.