पाच इंचांची खूण

बॉलवर पिवळ्या पेन्सिलीने दुसरी खूण करता करता हात थांबला. पेन्सिल बाजूला ठेवली आणि त्याच टेबलावर हे लिहायला घेतले.

मी, वय एकाहत्तर, बोलिंगच्या बॉलना भोके पाडून देणारा, हे शुद्धीत लिहीत आहे. कोणी सांगितलेले नाही, कोणी अडवलेलेही नाही. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडासमोर धरला आणि लांबचे बेत आखू नका म्हणाले. माझे बेत लांबचे नव्हतेच. बॉल टाकायची लेन साठ फुटांची असते.

१. दोन खोल्यांचे घर आणि बँकेतली ठेव मुलीची. स्वयंपाकघराची खिडकी जरा उचलून ओढल्याशिवाय लागत नाही. तिच्या आईला ते जमत असे.

२. भिंतीवरचे घड्याळ थोरल्या भावाला. चाळीस वर्षे तो मला चारचौघांत भोकपाड्या म्हणत आला. घड्याळ बंद आहे, हे त्याला आधी सांगू नये.

३. ड्रिल मशीन, मोजपट्ट्या आणि हे टेबल लेनच्या मेकॅनिकला. भोकांच्या कडा घासायची सुरी त्याने एकदा न विचारता नेली होती. परत आणली ती धार लावून. न विचारल्याचा राग मी आठ वर्षे धरला. तो या कलमाने संपला.

४. टेबलावरचा निळा बॉल, चौदा पौंडी, भोके न पाडलेला, मुलीला. त्याचे कारण लिहिणे भाग आहे.

बॉलच्या पोटात जड गाभा असतो. त्याचे टोक कुठे आहे ते वरचा रंगीत ठिपका सांगतो. हातातून सुटलेला बॉल एका बिंदूभोवती फिरतो, आणि तो बिंदू ज्याच्या त्याच्या हाताचा असतो. ठिपका त्या बिंदूपासून साडेतीन इंचांवर आला की बॉल लेनच्या टोकाशी जोरात वळतो. पाच इंचांवर ठेवला तर कमी वळतो, पण दर वेळी तेवढाच. सहा वर्षांपूर्वी, संघाच्या निवडीच्या सामन्याआधी, मुलगी म्हणाली होती, "बाबा, जास्त वळणारा नको. रोज सारखा वागणारा द्या." मी पाच इंच ठरवले. ठरवले ते बरोबर होते.

दुकानाचा नियम आहे की बिंदू काढण्याआधी गिऱ्हाइकाला तीन बॉल टाकायला लावायचे. लेनवरच्या तेलाच्या रेघा बॉलवर उमटतात, त्यांवरून मोजायचे. हा नियम मी कोणासाठी मोडला नाही. तिच्यासाठी मोडला. घरच्या हाताला काय मोजायचे. तिच्या सोळाव्या वर्षीच्या मापांचा कागद खणात होता, त्यावरून खूण केली. मध्ये तिचे मनगट मोडून जुळले होते. प्लास्टर उतरले त्या दिवशी मी तिच्यासोबत होतो.

शेवटच्या डावात बॉल तीनदा जास्तच वळून पुढच्या पिनला ओलांडून पलीकडे गेला. तिची निवड हुकली. तिने बॉल आणून टेबलावर ठेवला. रेघा ओल्या होत्या. ती हात धुवायला गेली तेव्हा मी मोजले. बिंदू दीड इंच सरकला होता. माझे पाच इंच साडेतीन झाले होते. मी फडक्याने रेघा पुसल्या. ती आल्यावर म्हणालो, "मनगट सैल पडतंय तुझं."

ती म्हणाली, "वाटलंच मला."

तेव्हापासून ती खेळलेली नाही. दर शनिवारी माझी औषधे घेऊन येते आणि लेनकडे पाठ करून बसते. बोलताना उजवे मनगट चेपत राहते.

मनगट सैल नव्हते. चूक माझी होती. आजही मी खणातून तोच जुना कागद काढला होता.

५. निळ्या बॉलला भोके मेकॅनिकने पाडावीत. आधी तीन बॉल टाकायला लावावेत, बिंदू नव्याने काढावा, तिथून पाच इंच. ती नको म्हणाली तर बॉल तसाच तिच्याकडे राहू द्यावा.

साक्षीदार म्हणून मेकॅनिक आणि भाड्याच्या बुटांच्या काउंटरवरच्या बाई यांना बोलावले. मेकॅनिकने सही कुठे करायची एवढेच विचारले. साक्षीदाराला मजकूर वाचायची गरज नसते, असे मी बाईंना सांगितले. तरी त्यांनी वाचला. चौथ्या कलमापाशी चष्मा कपाळावर सरकवला.

"हे ती कधी वाचणार?"

माझ्यानंतर, असे मी म्हणालो.

"म्हणजे तोवर तिनं मनगट चेपत बसायचं?"

सही करून त्यांनी पेन स्वतःकडे ठेवले आणि माझ्यासमोर फोन ठेवला.

साक्षीदार पहिला: लेनचा मेकॅनिक (सही)
साक्षीदार दुसऱ्या: बुटांच्या काउंटरवरच्या बाई (सही)
लिहिणारा: (सही)
स्थळ: दुकान, आठव्या लेनला लागून
मंगळवार, चौदा तारीख, सकाळचे अकरा

बुधवार. मुलगी नऊ वाजता आली. चौथे कलम तिने उभ्याने वाचले, मग बसून पुन्हा वाचले. बाईंकडून सहा नंबरचे बूट मागून घेतले. भाड्याचा एक बॉल उचलून तीन वेळा टाकला. बॉल टेबलावर ठेवून मेकॅनिकला म्हणाली, "काका, तुम्ही मोजा."

त्याने खणातल्या जुन्या कागदाशी ताडून मोजले. दीड इंच.