नाशिकच्या वहीतली मेघाली

।। श्री ।।

पालघर,
१२ नोव्हेंबर २०२४

ती. मेघालीताईस,
हेमांगीचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

तुझं दिवाळीचं पत्र शाळेच्या पत्त्यावर मिळालं. बारा वर्षं झाली, आपलं हे चोरटं टपाल आमचा शिपाई रामा इमानानं माझ्या टेबलावर आणून ठेवतो आणि भिलाईला कोण राहतं म्हणून विचारतो. मैत्रीण, असं मी सांगते. आज खरं तर फोनच करणार होते. तीनदा नंबर लावला, तीनदा बंद केला. हे बोलता येण्यासारखं नाही.

आधी गंमत सांगते. पन्नास वर्षांची झालीस तरी जव्हारचा घाट ओलांडला नाहीस, असं म्हणून स्नेहलनं मला वाढदिवसाला नाशिक दाखवायचं ठरवलं. गाडी, आणि दिवसभर फक्त आम्हा मायलेकींसाठी एक खासगी गाईड! आजवर मी पोरांना सहलीला नेत आले, मला कुणी नेलं नव्हतं. गाईडचं नाव दिनानाथ. डोक्यावर पांढरी टोपी, हातात छत्री, आणि तोंड क्षणभर बंद नाही. आम्ही दोघीच, तरी प्रत्येक ठिकाणी गाडीत बसताना तो आम्हाला मोजायचा. काळाराम मंदिरात त्यानं सांगितल्याशिवाय उजवीकडे बघायचं नाही अशी मला तंबी दिली, आणि ताई, मी खरंच बघितलं नाही. पंचवटीतले वड झाले, रामकुंड झालं, मिसळ खाऊन डोळ्यांतून पाणी आलं.

दुपारी तो म्हणाला की शेवटची जागा खास आहे, पाहुण्यांना फार आवडते. घाटाजवळ उपाध्यांचं घर आहे. त्यांच्याकडे गावोगावच्या घराण्यांच्या वह्या असतात. कुणी तीर्थाला आलं की घरातल्यांची नावं स्वतःच्या हातानं लिहून सही करतं. उपाध्यांनी गाव विचारलं, आडनाव विचारलं आणि लाल कापडातून एक लांबलचक वही काढली. पणजोबांची मोडीतली सही निघाली. आजोबांची निघाली. मी तर हरखूनच गेले. स्नेहल फोटो काढत होती. मग त्यांनी पान उलटलं.

माझा चष्मा गाडीत राहिला होता, म्हणून स्नेहलनं मोठ्यानं वाचलं. मौजे तारापूर, तालुका पालघर, जिल्हा ठाणे. आत्माराम गोविंद सावे. भगिनी मेघाली हिचे निधन झाल्याने तिचे श्राद्ध केले. ९ फेब्रुवारी १९९२. खाली दादाची सही.

स्नेहल वाचता वाचता थांबली. तिला तू भिलाईची मावशी म्हणून ठाऊक आहेस. मी तिथेच पायरीवर बसले. दिनानाथला वाटलं की वाडवडिलांची अक्षरं बघून मला भरून आलंय, त्यानं त्या अवस्थेत माझा फोटो काढला.

ताई, त्या तारखेला तू भिलाईत होतीस, तीन महिन्यांची गरोदर. तू भाऊजींशी लग्न केलंस तेव्हा आजपासून तू आम्हाला मेलीस असं अण्णा म्हणाले होते. बापाचा राग मी समजू शकते. पण दादानं ते नाशिकला जाऊन विधीनिशी करावं? आणि आम्हाला सांगावं काय, तर वाडी सोडून आपण कुठे जात नाही! एकदा मी तुझं नाव काढलं तर हा माणूस ताटावरून उठून गेला होता. आणि मी वेडी, फेब्रुवारीत चिरागच्या लग्नाला आत्या म्हणून तुला बोलवायचा विषय त्याच्याकडे काढणार होते. माहेरच्या अंगणात हळदीला एकदा उभं राहायचं, एवढंच तुझं मागणं होतं. आता कुठल्या तोंडानं विचारू?

त्याला आजच लिहिते आहे. तू मनाला लावून घेऊ नकोस, असं लिहिणार होते, पण मलाच ते जमलेलं नाही. काही अधिकउणं लिहिलं असेल तर पोटात घाल.

तुझी,
हेमांगी

---

पालघर,
१२ नोव्हेंबर २०२४

ती. आत्मारामदादास,
हेमांगीचा नमस्कार.

तुला फोनवर ऐकू येत नाही हे आज बरंच झालं, नाहीतर मी ओरडले असते. शनिवारी स्नेहलबरोबर नाशिकला गेले होते. गाईडनं उपाध्यांची वही दाखवली, माझा चष्मा गाडीत राहिला म्हणून स्नेहलनं वाचून दाखवली. ९ फेब्रुवारी १९९२ ची मेघालीताईची नोंद, खाली तुझी सही. इतकी वर्षं एका शब्दानं बोलला नाहीस. माईलाही सांगितलं नाहीस. मी तिचं नाव काढलं तर ताटावरून उठून गेलास. ते लिहिताना तुझ्या हाताला काहीच वाटलं नाही का?

उत्तर दे. ते येईपर्यंत मी तारापूरला पाऊल ठेवणार नाही.

हेमांगी

---

।। श्री ।।

तारापूर,
१५ नोव्हेंबर २०२४

चि. हेमांगीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा वाडीत चिकू उतरवणं चालू होतं. माणसांना तसंच सोडून ओट्यावर येऊन बसलो. इतकी वर्षं जे तुला कळू नये म्हणून जपलं, ते एका गाईडनं अर्ध्या दिवसात तुझ्यासमोर उघडलं. आता लपवण्यात अर्थ नाही.

त्या वर्षीची संक्रांत होऊन गेली होती. आपला गोमा बोईसरच्या बाजारात नारळ घालून आला आणि मला विहिरीपाशी घेऊन गेला. सरावलीतली मेघालीची खोली जळाली, असं म्हणाला. मी तडक सायकल काढली. चाळीपुढे माणसं जमली होती. शेजारची बाई सांगत होती की स्टो भडकला, दोगंबी आत व्हती, कुणी वाचलं नाय. त्यांना आधीच नेलं होतं. ओळखण्यासारखं काही उरलं नाही, असं लोक म्हणाले. दाराशी एक पितळी डबा पडला होता, काळाठिक्कर. झाकणावर माईचं नाव. घर सोडताना तिनं तेवढा एकच डबा बरोबर नेला होता. तो पाहिल्यावर मी कुणाला काही विचारलं नाही.

अण्णांच्या तोंडून गेलेला शब्द खरा झाला, हे त्यांना कसं सांगायचं? आणि माईला तर नाहीच नाही. गोमाला शपथ घातली. तू बारावीला होतीस. एकटाच एसटीनं नाशिकला गेलो आणि करायचं ते केलं. तिच्या नवऱ्याचं नाव मला धड माहीत नव्हतं म्हणून लिहिलं नाही. त्याची अजून लाज वाटते.

दर चैत्रात माई लोणच्याची एक बरणी मेघालीच्या नावानं बाजूला ठेवायची आणि मला ती फडताळात वर ठेवायला सांगायची. मी ठेवायचो. चौदा वर्षं ठेवली. आपली लेक कुठेतरी सुखात आहे, असं समजून माई गेली.

ताटावरून उठलो असेन. मला रडू येत होतं आणि ते तुला दाखवायचं नव्हतं. हाताला काही वाटलं का, म्हणून विचारतेस. पुन्हा गेलीस तर चष्मा लावून ती सही बघ.

माझ्यावर रागव, पण तारापूर सोडू नकोस. एक बहीण गेली, दुसरीनं तरी दार बंद करू नये.

तुझा,
दादा

---

भिलाई,
१८ नोव्हेंबर २०२४

चि. हेमांगीस,
मेघालीचे आशीर्वाद.

माझं श्राद्ध झाल्याचं वाचलं तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. सून विचारायला लागली की माँजी, काय झालं. तिला काय सांगू, मला मरून बत्तीस वर्षं झाली म्हणून? हसू आलं, मग ते हसू थांबेना, मग तिनं पाणी आणून दिलं.

खरं सांगू? अण्णा गेले तेव्हाही मला आशा होती. दादाचा राग कधीतरी उतरेल असं वाटायचं. तुझे भाऊजी तीन वर्षांपूर्वी गेले, तेव्हा तर रोज वाटायचं की आता तो येईल. पण राग जिवंत माणसावर धरतात गं. त्यानं तर सगळं आटपूनच टाकलं होतं.

लग्नाचा विषय आता काढू नकोस. चिरागसाठी मी घड्याळ घेऊन ठेवलंय, ते तू तुझ्या नावानं दे. दादाला माझ्याबद्दल अक्षरही लिहू नकोस. तुझी माया मात्र आटू देऊ नकोस, माहेर म्हणून तेवढंच उरलंय.

ताई

---

पालघर,
१९ नोव्हेंबर २०२४

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र टपालानं येणार नाही. मीच घेऊन येते आहे. तू वाचशील आणि मी समोर बसेन, कारण हे ओरडून सांगायची माझी छाती नाही. आधी ओट्यावर नीट बस. भिंतीला टेक.

दादा, मेघालीताई जिवंत आहे.

भिलाईला असते. मुलगा आहे, सून आहे, चार वर्षांची नात आहे. बारा वर्षांपूर्वी तिनं माझ्या शाळेचा पत्ता शोधून पत्र लिहिलं, तेव्हापासून आम्ही लिहितो. तुझा राग जाणार नाही असं धरून मी तुला सांगितलं नाही. आणि तू, ती मेली हे मला कळू नये म्हणून गप्प बसलास. माझं डोकंच चालेनासं झालंय. त्या जानेवारीत सरावली सोडून ती दोघं भिलाईला गेली, एवढं मला ठाऊक आहे. मग त्या खोलीत कोण होतं आणि माईचा डबा तिथे कसा, ते मला माहीत नाही.

वाचून झालं की पाणी पी आणि मग मला काय हवं ते बोल. परवाचं पत्र मी जसं लिहिलं, त्याबद्दल पाया पडते.

तुझी,
हेमांगी

---

।। श्री ।।

तारापूर,
२२ नोव्हेंबर २०२४

चि. मेघालीस,
तुला आशीर्वाद लिहिताना हात अडखळतो आहे, तरी अनेक आशीर्वाद.

तू आहेस हे मला मंगळवारी कळलं. हेमांगीनं पत्र हातात ठेवलं आणि समोर बसून राहिली. मी ते चारदा वाचलं. मग वाडीत जाऊन प्रत्येक झाडापाशी उभा राहिलो, दुसरं काय करावं ते सुचेना.

तू हेमांगीला लिहिलेलं पत्र आज सकाळी आलं. तिनं ते मला दाखवलं, तिच्यावर चिडू नकोस. मी रागानं श्राद्ध केलं नाही गं. सरावलीला तुझी खोली जळाली, दोघं आत होती, दाराशी माईचा डबा मिळाला. तू गेलीस असं मी धरलं. चौकशी करायला हवी होती. केली नाही, ही माझी चूक. तू वाट बघत राहिलीस आणि मी तुझ्या नावानं पाणी सोडत राहिलो.

काल हेमांगीला घेऊन नाशिकला गेलो होतो. ती ओळ खोडा म्हणून उपाध्यांच्या हातापाया पडलो. ते म्हणाले की वहीतलं काही खोडत नाहीत. चूक झाली असेल तर ज्याच्या नावाची नोंद आहे त्यानं येऊन खाली नवी नोंद करावी, स्वतःच्या सहीनं.

तेव्हा ये. चिरागचं लग्न १६ फेब्रुवारीला आहे, पण तोवर थांबू नकोस. त्या घड्याळाचं तू हेमांगीला जे लिहिलंस ते मला लागलं, ते घड्याळ तू तुझ्या हातानं चिरागला बांध. माई दर चैत्रात तुझ्या नावानं लोणच्याची बरणी ठेवायची, त्यातली शेवटची अजून फडताळात आहे. कुणी उघडली नाही.

मी कानानं अधू झालोय. तू काय बोलशील ते मला नीट ऐकू येणार नाही. नुसती समोर बस.

तुझा,
दादा

---

भिलाई,
२८ नोव्हेंबर २०२४

ती. दादास,
मेघालीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र उंबऱ्यातच उभ्यानं वाचलं. बरणीपर्यंत आले आणि ढसाढसा रडले. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं आणि जिथली तिथे बसले. दादा, खोली जळाली हे मला काल पहिल्यांदा कळलं.

आमच्या चाळीच्या नळावर लाडकी नावाची एक पोरगी पाणी भरायला यायची. मासवणकडची, वारल्यांची. नुकतं लग्न झालेलं. ती आणि तिचा नवरा सुका रस्त्याच्या कामाला आले होते आणि ताडपत्रीखाली राहायचे. अण्णा माणसं पाठवतील या भीतीनं आम्ही घाईनं भिलाईला निघालो, तेव्हा खोलीची किल्ली मी तिच्या हातात दिली. मालकालाच काय, शेजारीही कुणाला सांगितलं नाही, मालकानं तिला राहू दिलं नसतं. डबाही मीच दिला, पीठ ठेवायला. ती म्हणाली होती की ताई, आमी जपून ठेवू, तुमी आलात की न्या.

स्टोही आमचाच होता. तो मधेच भडकायचा. हे मी तिला सांगितलं होतं की नाही, तेच आठवत नाही. कालपासून दुसरं काही सुचत नाही. वीस वर्षांची होती रे ती.

चाळीत सगळे समजले की आम्हीच जळून गेलो. म्हणजे तिच्याकडे कुणी काही कळवलंच नसणार. तिची धाकटी बहीण दीपा कधीकधी खोलीवर यायची. लाडकी नवऱ्याबरोबर कामाला गुजरातेत गेली आणि तिकडेच राहिली, असं त्यांना वाटत असेल. माई जशी माझी वाट बघायची, तशी तिकडेही कुणीतरी बघत असेल.

मी येते. चार डिसेंबरचं तिकीट काढलंय. पण आल्यावर आधी मासवणला जायचं. दीपाला शोधायचं आणि समोर बसून सगळं सांगायचं, स्टोचंसुद्धा. मला एकटीला ते जमणार नाही, तू बरोबर हवास. त्यांच्यात माणूस गेल्यावर काय करतात ते त्यांना विचारू आणि ते म्हणतील तसं करू. त्यानंतर दीपाला चालणार असेल तर तिलाही घेऊन नाशिकला जाऊ. माझ्या सहीची मला घाई नाही.

उपाध्यांनी ती ओळ खोडली नाही हे फार बरं झालं. तू सोडलेलं पाणी कुणाला तरी पोचलंच असेल. ती ओळ खोटी नाही दादा, तिच्यात फक्त नाव चुकलंय.

स्टेशनवर येऊ नकोस, मीच घरी येईन. तुझी माया आहे ती माझ्याबरोबर लाडकीसाठीही असू दे.

तुझी,
मेघाली